पाच मीटर उंच छताचं घर आणि खाली हॉटेल: किती टन लागतील?

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी, या मंचावर माझं नाव 'खिडकीपाशी'. जुन्या छापखान्याच्या इमारतीत, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्ही गेल्या वर्षी राहायला आलो. एकच मोठा हॉल आहे, ११० चौरस मीटरचा, आणि छत पाच मीटर उंच. आधीच्या मालकांनी एका बाजूला लाकडी पोटमाळा घालून तिथे झोपायची खोली केली आहे. भिंती उघड्या विटांच्या. खिडक्या लोखंडी चौकटीच्या, एकेरी काचेच्या, सगळी काच मिळून ३० चौरस मीटर. त्यातली १२ चौरस मीटर पश्चिमेला, मागच्या चौकाकडे. घर घेतलं ते या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडासाठी, तेव्हा त्या बुजवा असं कृपया सुचवू नका.

दीड टनाचे दोन स्प्लिट एसी आधीपासून आहेत, हिवाळ्यात तेच ऊब देतात. उन्हाळ्यात खाली ठीक असतं, पण पोटमाळ्यावर रात्री एक वाजेपर्यंत अंग टाकवत नाही. हिवाळ्यात उलटा प्रकार. मी थर्मामीटर लावून बघितलं: जमिनीलगत १६ अंश आणि पोटमाळ्यावर २६. मुलगा खाली गालिच्यावर खेळतो, त्याचे पाय बर्फासारखे असतात.

तीन जणांना बोलावलं. एकाने साडेतीन टन सांगितले, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने सात. तिघांपैकी कोणी टेप काढली नाही, खिडक्या कोणत्या दिशेला हेही विचारलं नाही. तळमजल्यावर हॉटेल आहे, त्यांच्या स्वयंपाकघराचा वास जिन्यातून आमच्याकडे येतो, हिवाळ्यात जास्त. शिवाय समितीचा नियम असा की इमारतीच्या दर्शनी बाजूला आउटडोअर युनिट लावायचं नाही.

तर प्रश्न साधा आहे: किती टन लागतील?

तांब्याची नळी

बावीस वर्षं याच धंद्यात आहे. तुमच्यासारख्या इमारती बऱ्याच केल्या, त्यातल्या पहिल्या काही चुकीच्या केल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टन हा शब्द बर्फावरून आला. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तो दर म्हणजे एक टन: तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक), साधारण साडेतीन किलोवॅट. म्हणजे टन हे यंत्राचं माप आहे. घराला किती लागतं ते घराच्या कातडीवरून ठरतं, छत, काच, फटी, भिंती, आणि आत किती माणसं व उपकरणं आहेत त्यावरून. सात टन सांगणाऱ्याने बहुतेक घनफळावर हिशोब केला, साडेतीनवाल्याने क्षेत्रफळावर. तुमच्या घराला दोन्ही लागू नाहीत. वरच्या तीन मीटरमधली हवा गार करायची गरजच नाही, तिथे कोणी राहत नाही (पोटमाळा सोडून, त्याकडे नंतर येतो).

आता तुमच्या आकड्यांवरच बघा. बाहेर आणि आत २० अंशांचा फरक असलेली हिवाळ्यातली रात्र धरा. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे ५.७ वॅट जातात. ३० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोवॅट. अख्खा एक टन काचेतून बाहेर. छत तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशा इमारतीत बहुधा लाकडी पाट्या आणि वर डांबरी थर, बस्स. तसं असेल आणि दोन वॅटचा आकडा धरला, तर ११० चौरस मीटरमधून ४.४ किलोवॅट. म्हणजे छत काचेपेक्षाही वाईट. त्यावर १५ सेंटिमीटर चांगलं इन्सुलेशन टाकलं की हाच आकडा अर्ध्या किलोवॅटवर येतो. चार किलोवॅट वाचले आणि त्यासाठी एकही कॉम्प्रेसर लावावा लागला नाही.

उन्हाळ्यात पश्चिमेची काच. मावळतीचं ऊन थेट काचेवर येतं तेव्हा चौरस मीटरला ५०० वॅट सहज पडतात, त्यातले ८५ टक्के एकेरी साध्या काचेतून आत येतात. १२ चौरस मीटरचे पाच किलोवॅट झाले. तुमचा दीड टनाचा एक एसी संध्याकाळभर फक्त त्या सहा-सात खिडक्यांशी झुंजतोय! आतून पडदा लावून फारसं भागत नाही, कारण ऊन काचेच्या आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पडदा काचेच्या बाहेर हवा.

मग दोन-तीन गोष्टी कळवा. छत कशाचं आहे? छतावर जायला झाकण आहे का? जुन्या मालवाहू लिफ्टचा किंवा कप्पीचा उभा बोगदा कुठे शिल्लक आहे का? वारा नसलेल्या थंड रात्री पेटती उदबत्ती घेऊन प्रत्येक फटीशी फिरा आणि धूर कुठे ओढला जातो ते लिहून काढा. मग टनांचं बोलू.

सावलीतलं अंगण

छताला पंखा आहे का हो तुमच्याकडे? आमचं छत साडेचार मीटर. हिवाळ्यात पंखा उलट्या दिशेने, अगदी मंद फिरवतो, हवा वर जाते आणि भिंतींवरून खाली उतरते. वरखाली सात अंशांचा फरक होता तो दोनवर आला. उन्हाळ्यात नेहमीच्या दिशेने. अंगावर वारा असला की थर्मोस्टॅट दोन-तीन अंश वर ठेवूनही तेवढंच बरं वाटतं. सगळ्यात आधी हे करा, एका दिवसाचं काम आहे.

तांब्याची नळी

शंभर टक्के. आणि पंखा छताला चिकटवून लावू नका, दांडी लांब घ्या. छताच्या अगदी जवळ त्याला वरून हवाच मिळत नाही. पोटमाळ्याच्या कठड्यापासून हात पोहोचणार नाही इतका लांब मात्र हवा, तुमच्याकडे लहान मूल आहे.

चुन्याचा गिलावा

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. इन्सुलेशनचा विषय निघालाय म्हणून घाईने लिहितेय, कारण पुढचा प्रतिसाद "भिंतींनाही आतून फोम लावा" असा येणार आणि त्यातून मी सडलेल्या तुळया पाहिल्या आहेत.

जाड, भरीव विटांची भिंत पावसाचं पाणी पिते आणि वाळते. आतल्या उबेमुळे ती आतल्या बाजूनेही वाळत असते. आतून वाफ न सोडणारा थर चढवला की भिंत थंड पडते, ओल आत अडकते, आणि कडक थंडीच्या जागी ते पाणी गोठून विटेचे पापुद्रे निघतात. त्याहून गंभीर म्हणजे लाकडी तुळयांची टोकं. ती भिंतीत रुतलेली असतात, आणि तीच आधी कुजतात. बाहेरून काही दिसत नाही. भिंतीला काही करायचंच असेल तर वाफ जाऊ देणारे थर हवेत, आणि त्याआधी बाहेरचे सांधे आणि पन्हळी दुरुस्त हव्यात. सांधे भरायचे ते चुन्यात, सिमेंटमध्ये नाही. खरं तर तुमच्या घरात भिंतींना हात न लावताही चालेल. छत आणि खिडक्या झाल्या की भिंतींचा वाटा सोसण्यासारखा उरतो. शिवाय वीट दिवसभर उष्णता साठवते आणि हळू सोडते, हा तिचा गुण हिवाळ्यातल्या उन्हात उपयोगी पडतो.

खिडक्यांसाठी: लोखंडी चौकटी काढू नका. आतल्या बाजूने दुसरी, उघडता येणारी चौकट बसवता येते, तिच्यात लो-ई लेप (उष्णता परत फेकणारा पातळ थर) असलेली काच घाला. ५.७ चा आकडा १.८ च्या आसपास येतो, जुनी खिडकी बाहेरून जशीच्या तशी दिसते आणि रस्त्याचा आवाजही कमी होतो. आतली चौकट घट्ट बसली पाहिजे, नाहीतर घरातली दमट हवा मधल्या पोकळीत शिरून जुन्या काचेवर पाणी धरेल.

तुमची इमारत छापखान्याची आहे हे वाचून एक आठवलं. आधुनिक एअर कंडिशनिंगची सुरुवात छापखान्यातच झाली. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगायचा, आक्रसायचा, आणि रंगांवर रंग नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने त्यावर जी योजना आखली तिचा हेतू हवेतला दमटपणा ताब्यात ठेवणं हा होता. माणसांच्या आरामाचा विचार नंतर आला. दमटपणाचं हे सूत्र तुमच्याही प्रश्नात आहे, त्यावर इथली जाणती मंडळी लिहितीलच.

नवा गाळा

धाग्यात शिरतोय, क्षमस्व. मी जुन्या गोदामाच्या तळमजल्यावर ६० जणांच्या बैठकीचं हॉटेल काढतोय. छत साडेचार मीटर. मला एकाने सरळ "दहा टन टाका, गार राहील" असं सांगितलंय. वर राहणारी माणसं आहेत, त्यांना वासाचा त्रास होऊ नये असंही मनापासून वाटतं. मी कुठून सुरुवात करू?

रात्रपाळी

नव्या गाळ्यासाठी, आणि खिडकीपाशी, तुमच्या वासासाठीसुद्धा. मी चौदा वर्षं हॉटेल चालवतो, तेही अशाच जुन्या इमारतीत. जे सोसलं ते सांगतो.

सुरुवात एसीपासून करू नका, चिमणीपासून करा. आमच्या पहिल्या ठेकेदाराने भट्ट्यांवर भलामोठा हूड (धूर गोळा करणारं छत्र) आणि दणकट एक्झॉस्ट पंखा बसवला. धूर खेचला जायचा, आम्ही खूश. पण तेवढी हवा आत येणार कुठून, हा विचार त्याने केला नाही आणि आम्हाला तो सुचला नाही. पहिल्याच हिवाळ्यात लक्षात आलं की पुढचं दार म्हाताऱ्या माणसांना ओढून उघडत नाही. नंतर एकाने मोजून दिलं: आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक. दार दोन चौरस मीटरचं, म्हणजे दहा किलो वजन दाराला टेकून उभं असल्यासारखं. दार उघडलं की गार झोत थेट पहिल्या चार टेबलांवर. लोक कोट घालून बसायचे. आम्ही हीटर वाढवत गेलो, आणि पंखा ती गरम हवा बाहेर फेकत गेला.

एका रात्री कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. मागच्या खोलीत गॅसचा वॉटर हीटर होता, धूर आपोआप नळीतून वर जाणारा. खोलीतली हवा पंख्याने इतकी ओढली होती की त्या नळीतून धूर उलटा खाली येत होता. अशा नळीची ओढ काही मोजक्या पास्कलांची असते, आमच्याकडे ५० होते. अलार्म नसता तर भांडी घासणारी दोन मुलं त्या खोलीत होती. हे मी विसरू शकत नाही, म्हणून जिथे विषय निघेल तिथे सांगतो. हॉटेलात गॅसवर चालणारं काहीही असेल तर अलार्म पहिल्या दिवसापासून हवा, आणि वॉटर हीटर बंदिस्त ज्वलनाचा घ्या, जो बाहेरची हवा स्वतःच्या नळीने घेतो.

आता हिशोब. चिमणी सेकंदाला एक घनमीटर हवा बाहेर फेकत असेल आणि बाहेर आतल्यापेक्षा २० अंश थंड असेल, तर बदली हवा कोमट करायला २४ किलोवॅट लागतात. जवळपास सात टन, फक्त तेवढ्यासाठी. म्हणून आधी हूड लहान करता येतो का बघा. आम्ही दुसऱ्या वेळी काय केलं तर फ्रायर आणि तवा भिंतीला लागून एका टोकाला घेतले, हूडला दोन्ही बाजूंनी पत्रे लावले, हूडची कड भट्टीच्या कडेपेक्षा वीतभर पुढे काढली. आडवा वारा धुराला हलवेनासा झाला आणि कमी हवेत काम भागलं. मग पंख्याला वेग बदलणारं नियंत्रण. पंख्याचा वेग ८० टक्के केला की वीज जवळजवळ निम्मी होते, कारण वीज वेगाच्या घनावर (वेग गुणिले वेग गुणिले वेग) चालते. दुपारच्या रिकाम्या वेळेत भट्ट्या नुसत्या तेवत असताना पूर्ण वेगाची गरज नसते.

आणि फ्रेश एअर. जेवढी हवा बाहेर जाते त्यातली साधारण ८० ते ९० टक्के वेगळ्या पंख्याने, गाळून, हिवाळ्यात कोमट करून स्वयंपाकघरात द्यायची. ती हूडजवळच्या जाळ्यांतून संथ सोडायची, झोत भट्टीवर आला तर तोच धूर बाहेर ढकलतो. उरलेली दहा-वीस टक्के बैठकीच्या हॉलमधून स्वयंपाकघरात जाऊ द्यायची. म्हणजे स्वयंपाकघर हॉलपेक्षा किंचित कमी दाबाचं, आणि हॉल रस्त्यापेक्षा किंचित जास्त दाबाचा. हे जमलं की वास हॉलमध्ये येत नाही, जिन्यात तर नाहीच.

तांब्याची नळी

रात्रपाळी, हे इतकं नेमकं लिहिल्याबद्दल धन्यवाद. नव्या गाळ्याच्या दहा टनांबद्दल मी भर घालतो.

बसलेला माणूस सुमारे १०० ते १३० वॅट उष्णता देतो. ६० माणसांचे सात किलोवॅट, दोन टन. पण त्यातला मोठा हिस्सा घाम आणि श्वासातून येणाऱ्या वाफेचा असतो, जेवणाच्या वाफा वेगळ्या. म्हणजे तुम्हाला हवा गार करण्याइतकीच कोरडीही करायची आहे. वाजवीपेक्षा मोठा एसी खोली दहा मिनिटांत गार करून बंद पडतो. कॉइल (एसीतली थंड नळ्यांची जाळी) थंड होऊन त्यावरून पाणी निथळायला लागेपर्यंत कॉम्प्रेसर थांबलेला, आणि पंखा चालूच, त्यामुळे कॉइलवरचा ओलावा पुन्हा हवेत. थर्मोस्टॅट २३ दाखवतो आणि लोकांना चिकचिक होते. मग कोणीतरी २० करतं. गार आणि दमट, तळघरासारखं. लहान आणि सतत चालणारं यंत्र इथे बरं, इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं) असेल तर अजून बरं, आणि एका मोठ्याऐवजी दोन घ्या. गर्दीच्या वेळी दोन्ही, दुपारी एक, आणि एक बिघडलं तरी दार बंद करावं लागत नाही.

फ्रीज, बर्फाचं यंत्र, थंड खोली यांचे कॉम्प्रेसर बाहेर नेता येतात का विचारा. ते आत असतील तर पदार्थांतून काढलेली सगळी उष्णता, वर मोटरची, तुमच्याच हॉलमध्ये पडते आणि ती काढायला तुम्ही पुन्हा एसी चालवता.

लोखंडी गोल डक्ट (गार हवा नेणारे पत्र्याचे नळ) उघडेच ठेवायचे असतील (अशा जागी सगळ्यांना ते आवडतात, मलाही), तर एक काळजी घ्या. डक्टमधली हवा १२ ते १४ अंशांची असते. हॉलमध्ये २६ अंश आणि ६० टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) साडेसतराच्या आसपास येतो. उघड्या पत्र्याला घाम सुटून थेंब टेबलावर पडणारच. दोन पत्र्यांमध्ये इन्सुलेशन असलेला डक्ट घ्या, दिसायला तोच.

समितीत दहा वर्षं

मी अशाच रूपांतरित इमारतीच्या समितीत आहे, म्हणून दुसरी बाजू. दर्शनी भागावर युनिट नको हा नियम लोकांना जाचक वाटतो. पण एकाला परवानगी दिली की दोन वर्षांत भिंत जाळीसारखी होते, आणि प्रत्येक ब्रॅकेटच्या भोकातून पाणी विटांत जातं.

अर्ज आणताना या गोष्टी सोबत आणा, समितीचं काम निम्मं होईल. युनिट छतावर ठेवणार असाल तर वजन आणि तुळया कुठे आहेत त्याचा आराखडा. जुन्या लाकडी छतावर भार तुळईवर यायला हवा, पाट्यांवर नाही. खाली रबरी किंवा स्प्रिंगचे पाय, नाहीतर कंप थेट खालच्या माणसाच्या उशीत उतरतो. ड्रेनचं, म्हणजे एसीतून निथळणारं पाणी कुठे सोडणार ते स्पष्ट हवं. आमच्याकडे सर्वांत जास्त भांडणं कॉम्प्रेसरवरून होत नाहीत, ठिबकणाऱ्या ड्रेन पाइपवरून होतात. आवाजाचं म्हणाल तर मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात, पण चौकात चार भिंती आवाज परत फेकतात, तिथे हा हिशोब चालत नाही. म्हणून मागचा चौक सोयीचा दिसला तरी छत बरं.

नळीच्या लांबीचंही बघा. घरगुती स्प्लिटला साधारण १५ ते ३० मीटरची मर्यादा असते, मॉडेलप्रमाणे. सामायिक उभी पोकळी असेल तर तिथून जा, पण प्रत्येक मजल्याशी ती अग्निरोधक भरावाने बंद करावी लागते.

काही इमारतींत गार किंवा गरम पाणी फिरवून सगळी घरं गार-उबदार ठेवणारी मध्यवर्ती व्यवस्था असते, त्यांच्यासाठी एक सूचना. दोन नळ्यांची असेल तर अख्ख्या इमारतीला एका वेळी एकच, गारवा किंवा ऊब. ऋतू बदलताना दक्षिणेकडचे उकडतं म्हणतात आणि उत्तरेकडचे कुडकुडतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. त्या महिन्यांत समितीवर रागावू नका. नूतनीकरण निघालंच तर प्रत्येक घराला छोटा हीट पंप (उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारं यंत्र) आणि सगळ्यांना जोडणारा १५ ते ३२ अंशांच्या पाण्याचा एकच फेरा, हा पर्याय अभ्यासा. एका घरातून काढलेली उष्णता दुसऱ्याला मिळते.

वाऱ्याची दिशा

मग खिडकीपाशी यांनी सरळ व्हीआरएफ, म्हणजे अनेक खोल्यांना एकाच यंत्रातून पुरवणारी एसी व्यवस्था, का लावू नये? एक आउटडोअर, चार-पाच इनडोअर, हवी तिथे हवी तेवढी थंडी. तंत्र १९८२ पासून आहे, आता मुरलेलं आहे.

तांब्याची नळी

मोठ्या हॉटेलला किंवा अख्ख्या मजल्याला मी स्वतः सुचवतो. एका घराला मात्र मला पटत नाही. एसीत फिरणारा, थंडावा देणारा सगळा गॅस एकाच जाळ्यात असतो. पोटमाळ्यावरच्या लहान खोलीत गळती झाली तर सगळा गॅस त्या एका खोलीत उतरू शकतो, म्हणून खोलीच्या आकारमानाप्रमाणे गॅसची कमाल मर्यादा पाळावी लागते. जुना आर-४१०ए हा गॅस जळत नाही, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट. आर-३२ ची ६७५ पट, पण तो सौम्य ज्वलनशील. दोन छोट्या स्वतंत्र यंत्रांत गॅस थोडा, दुरुस्ती सोपी.

वाऱ्याची दिशा

लहान खोलीचा मुद्दा मान्य. तो माझ्या डोक्यात नव्हता.

खिडकीपाशी

सगळ्यांचे आभार, खरंच. उदबत्तीचं काम केलं. रात्री अकराला, बाहेर चार अंश असताना. मी आणि बायको दोघंही शिडीवर.

छत तांब्याची नळी म्हणाले तसंच निघालं, पाट्या आणि डांबर. छताच्या झाकणाशी धूर सरळ वर ओढला गेला, फट बोटभर. जुन्या मालाच्या लिफ्टचा बोगदा प्लायवूड ठोकून बंद केला होता, त्याच्या चारही कडांतून वर ओढ. आणि घराच्या मुख्य दाराखालून धूर आत येत होता, जिन्यातून. म्हणजे आमचं घर जिन्यातली हवा ओढतं आणि छतातून सोडतं. वास याच वाटेने येतो ना?

चुन्याचा गिलावा

अगदी तीच वाट. इमारत मोठ्या चिमणीसारखी वागतेय. उबदार हवा हलकी, तळापासून छतापर्यंत १५ मीटर आणि २० अंशांचा फरक असेल तर एकूण १२-१३ पास्कलची ओढ तयार होते, चोवीस तास. म्हणून वास हिवाळ्यात जास्त. बंद करायला वरून सुरुवात करा. छताचं झाकण आणि बोगदा आधी, दार नंतर. वर भोक राहिलं तर खाली कितीही बुजवा, हवा दुसरी वाट काढते. बोगद्याची कड बंद करताना वरचं तोंडही बघा. आणि घर इतकं घट्ट झालं की ताज्या हवेची सोय मुद्दाम करावी लागेल, उष्णता परत मिळवणारा छोटा व्हेंटिलेटर. तो विसरू नका, नाहीतर खिडक्यांवर पाणी आणि कोपऱ्यांत बुरशी.

खिडकीपाशी

जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालाव्यात का? मुलासाठी मनात आहे.

तांब्याची नळी

उंच छताला ती पद्धत छान जुळते, कारण ऊब पायांपासून सुरू होते. पाणी ३५ ते ४० अंशांचं पुरतं, हीट पंपाला सोपं. पृष्ठभाग २९ च्या वर जाऊ द्यायचा नाही. पण पाच सेंटिमीटर ओल्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला १०० किलो. तुमच्या ११० चौरस मीटरला ११ टन, हे बर्फाचे टन नव्हेत, खरे. तुळया तपासल्याशिवाय नको. कोरडे, हलके पॅनेलही मिळतात. आधी छत आणि खिडक्या करा, एक हिवाळा काढा, मग ठरवा. बहुधा गरज वाटणार नाही.

यंत्राबद्दल आता सांगतो. मुख्य हॉलला दोन टनांचं इन्व्हर्टर, आणि इनडोअर भिंतीवर उंच न लावता जमिनीलगतचं कन्सोल घ्या, ज्याची गरम हवा खालून सुटते. पोटमाळ्याला पाऊण टनाचं वेगळं. तिथे स्वतःचा थर्मोस्टॅट हवाच, कारण वरचं हवामानच वेगळं. एकूण पावणेतीन टन. हे छत, बाहेरचे पडदे आणि आतली काच झाल्यानंतरचं उत्तर आहे, आधीचं नाही. घेताना पत्रकातला उबेचा आकडा नीट वाचा. तो बाहेर ७ अंश असतानाचा असतो. तुमच्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाला क्षमता किती उरते त्याचा तक्ता मागा. देत नसतील तर दुसरीकडे जा.

खिडकीपाशी

सात महिन्यांनी धागा वर काढतोय, कळवायचं राहिलं होतं.

छताचं इन्सुलेशन झालं, बोगदा आणि झाकण बंद केलं, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून गुंडाळणारे पडदे (ती बाजू चौकाकडे असल्याने समितीने एका बैठकीत होकार दिला). आतली काच अजून फक्त अर्ध्या खिडक्यांना बसली आहे, उरलेली पुढच्या वर्षी. यंत्रं तांब्याची नळी यांनी सांगितली तीच, आउटडोअर छतावर स्प्रिंगच्या पायांवर. पंख्याची दांडी सव्वा मीटर.

काल सकाळी बाहेर दोन अंश होतं. जमिनीलगत १९.५, पोटमाळ्यावर २१.५. मुलगा मोजे न घालता गालिच्यावर बसला होता. उन्हाळ्यात पोटमाळ्यावर पहिल्यांदा आम्ही दहाला झोपलो. वास पूर्ण गेला नव्हता, पण मी रात्रपाळींचा प्रतिसाद छापून खालच्या हॉटेलवाल्यांना नेऊन दिला. त्यांचंही दार जड होतंच. गेल्या महिन्यात त्यांनी फ्रेश एअरचा पंखा बसवला, आणि त्या आठवड्यापासून जिन्यात काही येत नाही.

तांब्याची नळी

वाचून फार बरं वाटलं. दमटपणा किती दाखवतंय? ३० ते ६० च्या मध्ये असेल तर ठीक. काच अर्धीच बसली आहे, तेव्हा एकेरी काचांवर सकाळी पाणी दिसलं तर व्हेंटिलेटर एक पायरी वाढवा.

नवा गाळा

माझंही कळवतो. हूडचा आराखडा काल आला. एक्झॉस्ट सेकंदाला दीड घनमीटर दाखवलाय आणि फ्रेश एअरची ओळच नाही. परत पाठवला आहे, सोबत वॉटर हीटर बंदिस्त ज्वलनाचा हवा असंही लिहिलं आहे.